उजवीकडचं काळीज

देवपूर, धुळे
१२ नोव्हेंबर २०२५

उखर्डू, गड्या,

तुझं पोस्टकार्ड काल दुपारी आलं. पाच ओळी. बासष्ट वर्षांच्या दोस्तीत तू मला सहावी ओळ कधी लिहिली नाहीस. त्यातल्या तीन केळीवरच्या करपा रोगाच्या, एक तुझ्या पोराच्या, हितेंद्रच्या, दुकानाची, आणि स्वतःबद्दल एकच: डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, पुढच्या आठवड्यात काढणार. ते कार्ड मी चार वेळा वाचलं. दुसरं वाचायला नव्हतंही काही.

माझं म्हणशील तर ऑगस्टात न्हाणीत पाय घसरला तेव्हापासून खुब्यात लोखंड आणि हातात वॉकर. पलंग ते खिडकी एवढाच माझा मुलूख. खिडकीतून पांझरेच्या पुलाचा एक तुकडा दिसतो, तो मी दिवसभर पाहतो. कान तर आधीच गेलेत. फोन लावला की आत कुणी पिठाची गिरणी चालवतंय असं वाटतं. पोरगा नवल पुण्याहून रोज फोन करतो, तो मला सांभाळायला ठेवलेली लताबाई घेते आणि मला पाटीवर लिहून दाखवते. शाळेतून निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, आता पाटी माझ्यासमोर धरली जाते.

लताबाई भाकरी थापते तेव्हा मी तिला आठवीच्या पुस्तकातल्या कविता म्हणून दाखवतो. एकही ओळ विसरलेलो नाही. परवा नदीची कविता रंगात आली होती, तर ती म्हणाली, "नाना, तुमनी नदीमा मन्ही भाकर करपी गई."

डोळा उघडल्यावर जग कसं दिसलं ते लिही. आणि कृपा करून सहावी ओळ लिही.

तुझा
प्रेमराज

*

मेहरूण, जळगाव
२४ नोव्हेंबर २०२५

मास्तर,

डोळा झाला. जग पहिल्यापेक्षा निळं दिसतं. भिंतीला पोपडे आहेत हेही कळलं. हितेंद्रला सांगितलं तर तो म्हणाला, आबा, तुम्हाला आंधळं ठेवलं असतं तर परवडलं असतं.

सहावी ओळ मागितलीस तर आज पान भरून लिहितो, कारण गोष्ट तशी आहे आणि ती दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही.

डोळ्याच्या डॉक्टरनी आधी कार्डिओग्राम मागितला. माझी नात भाविका जिथं कामाला आहे त्याच दवाखान्यात गेलो. सहा महिने झाले तिला मशीनवर लागून. दोनदा वायरी उलटसुलट लावल्या म्हणून बोलणी खाऊन झालेली. मला टेबलावर निजवलं, हातापायाला चिमटे लावले, लाल वायर उजव्या हाताला, पिवळी डाव्या. छातीवर गार जेली फासून सहा रबरी फुगे, मधल्या हाडापासून डाव्या काखेपर्यंत ओळीनं. मशीनमधून कागद निघाला आणि पोरीचा चेहरा उतरला. चिमटे तपासले, माझे हात तपासले. "आबा, हात सैल सोडा, हलू नका." पुन्हा काढला. पुन्हा तसाच. मग तिनं दाराकडे पाहिलं, कोणी नव्हतं, आणि दोन्ही हातांच्या चिमट्यांशी काहीतरी केलं. तिसरा कागद आला तेव्हा तिनं सुस्कारा टाकला.

मला कळलं काय झालं असेल ते. तोंडाशी आलं होतं की पोरी, तुझी चूक नाही, माझं काळीजच उजव्या अंगाला आहे. पण हे जगात आपल्या दोघांनाच माहीत, आणि मायसमोर आपण दोघांनी शब्द दिलेला. शिवाय भाविकाची सोयरीक जुळते आहे, सावद्याचं स्थळ. मुलाची आई फार खोदून विचारते. घराण्यात कोणाला कोड आहे का, फिट येते का, कोणाचं काही वेगळं आहे का. साखरपुडा पंचवीस जानेवारीला धरलाय. म्हणून गप्प राहिलो.

डॉक्टरनी कागद पाहिला, म्हणाले, छातीच्या रेघा जरा बारीक आहेत, वयाच्या मानानं ठीक. सही दिली.

बरोबर केलं ना?

उखर्डू

*

देवपूर
३ डिसेंबर २०२५

उखर्डू,

बरोबर केलंस. शंभरदा बरोबर केलंस.

तुझं पत्र वाचलं आणि मी थेट अमळनेरला जाऊन पोचलो. बोर्डिंगची ती लांब खोली, लोखंडी पेट्या, तुझ्या पेटीतून येणारा पिकल्या केळांचा वास. आणि बोरी नदीची वाळू. दुपारची सुट्टी, तू उताणा पडलेला, मी तुझ्या छातीवर डोकं टेकून आभाळ पाहतोय. म्हटलं, तुझं घड्याळ बंद पडलंय रे. तू हसून माझं डोकं उचललंस आणि दुसऱ्या बाजूला ठेवलंस. तिथं ते चाललं होतं, केवढ्यानं, मोटेच्या चाकासारखं. मी तेरा वर्षांचा होतो. त्यानंतर मी पुष्कळ पुस्तकं वाचली, पण तेवढी नवी गोष्ट मला पुन्हा कोणी सांगितली नाही.

मग मी ती कविता केली. माझी पहिली. गॅदरिंगमध्ये म्हणायची म्हणून वहीच्या मधल्या पानावर लिहिली. वर्गात वाचली तर पोरं हसली, सर म्हणाले, कल्पना छान आहे, पण काळीज कधी उजवीकडे असतं का. कविता आहे म्हणून सोडून दिलं साऱ्यांनी. फक्त तुझी माय, धुरपदाबाई, केळीचा घड घेऊन नेमकी त्या दिवशी आली, आणि कोणीतरी तिला कौतुकानं सांगितलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. आधीची तीन लेकरं गेली म्हणून तुला जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणलं, देवानंही टाकाऊ समजावं असं नाव दिलं. त्या लेकराचं काही वेगळं आहे हे गावात कळलं तर दृष्ट लागेल, नेईल कोणीतरी. तिनं माझ्याकडून ते पान फाडून घेतलं, चुलीत घातलं, आणि माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवला. "कोन्हाले सांगू नका रे पोरहो. मी मेल्यावरबी नका सांगू."

ती गेली त्यालाही चाळीस वर्षं झाली. शब्द अजून हातात आहे. तो असू दे. मशीनला काय कळतं. त्या पोरीनं चिमटे फिरवले, कागद सरळ आला, झालं. तुझ्या मायच्या बाजूनं देवच उभा राहिला म्हण.

सावद्याचा मुलगा काय करतो? त्याला कविता आवडतात का विचार.

प्रेमराज

*

मेहरूण
२० डिसेंबर २०२५

मास्तर,

मुलगा बँकेत आहे. कवितेचं विचारलं नाही.

थंडी चांगली पडली आहे. मी सकाळी तळ्याला चक्कर मारतो ते तुला माहीत आहे. आधी पूर्ण चक्कर व्हायची. आता तिसऱ्या बाकावर बसावं लागतं. उजव्या अंगाला जड होतं. काळीज भरून येतं. थोडं बसलं की उतरतं, मग उठतो. जिना चढतानाही तसंच. खांद्यापर्यंत येतं, उजव्याच.

घरात सांगितलं तर पित्त म्हणतील, उजवीकडे आहे म्हणून. सुनेनं ओवा दिलाच आहे. म्हणून तुलाच लिहितो. तुला सांगितलं की कळेल.

शेतात यंदा घड बरे आहेत.

उखर्डू

*

देवपूर
२८ डिसेंबर २०२५

उखर्डू,

तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य मी लताबाईला वाचून दाखवलं. काळीज भरून येतं. शेतकऱ्याच्या पोरानं, पाच ओळींच्या माणसानं, वयाच्या शहात्तराव्या वर्षी असं लिहावं. मी म्हटलं, पाहा, आमच्या सरांची शिकवण कुठं जात नाही.

मलाही हल्ली होतं तसं. खिडकीशी बसलो की उगाच जड जड वाटतं. पुलावरून शाळेची पोरं जाताना दिसतात, तोंडं हलतात, आवाज येत नाही, आणि आतून काहीतरी दाटून येतं. याला औषध नाही, गड्या. हे वय आहे. मागचं सगळं पाणी एकदम पुढे येतं. तू तळ्याकाठी तिसऱ्या बाकावर बसतोस म्हणालास, तर असं कर, तिथं बसून नदीची ती कविता म्हण. मोठ्यानं म्हण. पहिलं कडवं मी खाली लिहून पाठवणार होतो, पण तुला येतं. न येऊन सांगतोस कुणाला, तू तर ती पाठ न केल्याबद्दल दोन तास बाकावर उभा होतास.

आणि उजवीकडे भरून येतं हे लिहिलंस तेव्हा मी हसलो. तुझं सगळंच त्या बाजूचं. दुःखसुद्धा रस्ता चुकत नाही.

पुढच्या पत्रात तळ्याचं वर्णन लिही. पक्षी आले असतील.

प्रेमराज

*

मेहरूण
९ जानेवारी २०२६

मास्तर,

मी काळजाचं लिहिलं होतं. कवितेचं नाही.

मंगळवारी सकाळी फार झालं. घाम आला, उलटी झाली. हितेंद्रनं गाडीत घालून भाविकाच्या दवाखान्यात नेलं. तिनं पट्टी काढली, पुन्हा हातांचे चिमटे अदलाबदल करून. मी पाहत होतो, तीही मला पाहत होती. डॉक्टरनी मागची पट्टी शेजारी धरली, म्हणाले, तशीच आहे, फरक नाही. कुठं दुखतं विचारलं. मी उजवीकडे हात ठेवला. पोट दाबून पाहिलं, पित्ताच्या गोळ्या दिल्या, पुन्हा दुखलं तर लगेच या म्हणाले.

आता दुखत नाही. दम लागतो. बसून झोपतो.

तू शिकलेला आहेस म्हणून एक विचारतो. मायला दिलेला शब्द मोडता येतो का? आणि कधी? साखरपुडा पंचवीसला आहे. तोवर थांबावं असं मी ठरवलं आहे. थांबता येईल का, हे तूही सांगू शकणार नाहीस, पण विचारतो.

उखर्डू

*

देवपूर, धुळे
१३ जानेवारी २०२६

चि. भाविका,

मी तुझ्या आबांचा मित्र. तू चार वर्षांची असताना तुला मी एक बडबडगीत शिकवलं होतं, ते तुला आठवत नसेल. हे पत्र तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर, तुझ्या नावानं, स्पीड पोस्टानं पाठवतो आहे. हातात पडल्या पडल्या उभ्यानं वाच. पाल्हाळ लावायची माझी खोड आहे, म्हणून मुद्दा आधी लिहितो.

तुझ्या आबांचं हृदय छातीच्या उजव्या बाजूला आहे. जन्मापासून. मी ते कानानं ऐकलं आहे. तुझी पट्टी उलटी येत होती ती तुझ्या चुकीनं नाही. त्यांना गेल्या महिन्यापासून जे होतं आहे ते पित्त नाही. डॉक्टरांना सांग. आत्ता सांग.

आता बाकीचं. आबांचं पत्र मला आज साडेअकराला मिळालं. मी लताबाईला तुझ्या वडिलांना फोन लावायला सांगितला. माझ्यासमोर उभी राहून ती बोलली, मी तिच्या ओठांकडे पाहत होतो. "भाऊ, नाना म्हनतस का आबासनं काळीज उजवीबाजूले शे." मग ती थांबली. मग कसनुसं हसली. मग फोन ठेवला आणि पाटीवर लिहिलं: हितेंद्रभाऊ म्हणे, नानांना सांगा, कविता छान आहे, आता गिऱ्हाईक उभं आहे, संध्याकाळी बोलतो. मी तिला पुन्हा लावायला सांगितला. तीनदा. तिसऱ्यांदा त्यानं उचलला नाही.

पोरी, मी आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला कविता जोडली. लग्नात, मयतात, दुकानाच्या उद्घाटनात. आज एकच सरळ वाक्य बोललो, तर तेही कविताच वाटलं. तुझ्या बापाचा दोष नाही. तुझ्या आबांनी मला डिसेंबरातच लिहिलं होतं, उजव्या अंगाला जड होतं म्हणून. मला एकट्याला लिहिलं, कारण त्याचा अर्थ मला एकट्याला कळणार होता. मी त्यांना उत्तरात नदीची कविता म्हणायला सांगितली.

वॉकर घेऊन दारापर्यंत गेलो. जळगावची एसटी धरायची म्हणून. तीन पायऱ्या आहेत. पहिलीवरच लताबाईनं धरलं. आता तीच हे पाकीट पोस्टात घेऊन जाते आहे. पोस्टमन उद्या देईल की परवा, मला माहीत नाही.

आबांना म्हणावं, शब्द मी मोडला. मायसमोर उभं राहायची वेळ आली तर मी पुढे होईन.

प्रेमराज नाना

*

मेहरूण, जळगाव
१८ जानेवारी २०२६

ती. नाना,

तुमचं पत्र गुरुवारी पंधरा तारखेला दुपारी एकला हातात आलं. उभ्यानंच वाचलं. तुम्ही सांगितलं म्हणून नाही, बसवलंच नाही.

आधी माझं सांगते, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही. तेरा तारखेला संध्याकाळी जेवताना पप्पांनी तुमच्या फोनची गोष्ट सांगितली. सगळे हसले. आबा ताटाकडे पाहत होते. आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला, कारण मला तेव्हाच कळलं, नाना. पहिल्याच दिवशी पट्टी उलटी आली होती. आम्हाला शिकवताना सांगतात, पहिली रेघ सगळी खाली तोंड करून आली तर आधी हातांच्या वायरी तपासा, शंभरात नव्वद वेळा तीच चूक असते. मी तपासल्या, बरोबर होत्या. तरी वाटलं माझंच चुकतंय. दोनदा बोलणी खाल्लेली, तिसऱ्यांदा दवाखान्याच्या मॅडमनी ठेवलंच नसतं. म्हणून वायरी मुद्दाम उलट लावून पट्टी सरळ करून घेतली. दुसऱ्यांदाही तेच केलं, मागच्यासारखी यावी म्हणून. डॉक्टर म्हणाले, फरक नाही. फरक दिसेल कसा, तो मीच पुसला होता.

त्या संध्याकाळी बोलले असते तर हे सगळं सांगावं लागलं असतं. मी दोन दिवस गप्प बसले. मग तुमचं पत्र आलं.

पत्र घेऊन मी डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, घेऊन ये त्यांना. पप्पांनी आबांना आणलं. आबा टेबलावर निजले, सदरा स्वतः वर केला, आणि मी फुगा हातात घेतल्यावर माझा हात धरून उजवीकडे नेला. बोरीच्या वाळूतली गोष्ट त्यांनी मला नंतर सांगितली. तुम्हाला लिहिताना वाटतं, तुमचं डोकं असंच नेलं असेल तिथं.

नाना, ते मशीन हृदय पाहत नाही. आपण ज्या जागेवर त्याला उभं करतो तिथून जे ऐकू येतं तेवढंच लिहितं. उंच बारीक माणसाचं हृदय उभं लोंबतं, जाड माणसाचं आडवं पडतं, फुगा एक फासळी वर लागला तरी रेघ बदलते. आणि आबांच्या छातीवर मी दोन्ही वेळा रिकाम्या अंगणात माणूस उभा केला होता. वायरी उलट लावल्या ते नकळत बरोबर केलं होतं. छातीचे फुगे डावीकडे ठेवले ते चूक. अर्धं बरोबर होतं, म्हणून कोणाला संशय आला नाही.

फुगे उजवीकडे लावले आणि पट्टी पहिल्यांदा खरी आली. एकही रेघ बारीक नव्हती. ठळक, सरळ, पुस्तकात असते तशी. आणि जिथं रेघेनं खाली यायला हवं तिथं ती येत नव्हती. मी डॉक्टरांच्या आधी वाचलं.

त्याच संध्याकाळी मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथले म्हणाले, झटका सहा तारखेला येऊन गेला. तेव्हाच कळलं असतं तर हृदयाची बंद पडलेली नळी उघडून स्नायू वाचवता आला असता. आता गेलेला भाग परत येत नाही. हृदय पाव हिश्श्यानंच चालतं आहे. गोळ्या आहेत, पाणी मोजून आहे. काल घरी आणलं. किती दिवस, ते कोणी सांगत नाही आणि पप्पा विचारत नाहीत. ते तुमच्याशी बोलायला फोन हातात घेतात आणि खाली ठेवतात. तुम्हाला ऐकू येत नाही हे त्यांना बरं वाटत असावं.

सावद्याला कळलं. मुलाच्या आईचा निरोप आला, मुलीचंही काळीज उजवीकडे आहे का ते तपासून सांगा. माझ्या मैत्रिणीनं माझी पट्टी काढली. डावीकडेच आहे. पण ती पट्टी मी कपाटात ठेवली आहे, त्यांना दाखवणार नाही. मुलगा स्वतः परवा येऊन आबांजवळ अर्धा तास बसला. पुढचं पुढे.

आबा बसून असतात, चार उशा लावून. बोलताना थांबतात. त्यांनी तुम्हाला निरोप दिलाय, तो त्यांच्याच शब्दांत लिहिते: "प्रेम्याला लिही, आता लपवायचं काही राहिलं नाही. ती कविता लिहून पाठव म्हणा. मायनं जाळली ती. मी पुरती ऐकलीसुद्धा नव्हती."

भाविका

*

देवपूर, धुळे
२५ जानेवारी २०२६

भाविका,

हे पत्र आबांना वाचून दाखव, पण पहिला भाग तुझा आहे.

तू दोन दिवस गप्प बसलीस. मी महिनाभर बसलो, आणि त्याआधी बासष्ट वर्षं. तू नोकरी जाईल म्हणून घाबरलीस, आबा तुझं लग्न मोडेल म्हणून, त्यांची माय लेकरू जाईल म्हणून. मला तर भीतीही नव्हती. मला फक्त गोष्ट सुंदर वाटत होती. तेव्हा हिशेबाला बसायचं तर माझ्या मागे बस. तुझी पट्टी कपाटात ठेवलीस ते मला फार आवडलं.

आता आबांसाठी.

उखर्डू, गड्या,

तुझा निरोप आला त्या दिवसापासून कागद घेऊन बसलो आहे. आज चार दिवस झाले. आठवीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता मला येतात. सातवीच्या येतात, नववीच्या येतात. शिकवायला लागल्यावर बदललेली चार पुस्तकं येतात. मी लताबाईला म्हटलं, पुस्तक उघड आणि कुठूनही विचार. तिनं विचारलं. मी म्हटलं. एका जागी अडखळलो नाही.

आणि माझी ती एक कविता येत नाही.

सोळा ओळी होत्या एवढं आठवतं. वहीचं मधलं पान होतं, पिनेच्या गंजाचे दोन डाग पडलेले. शाई निळी. तुझ्या मायनं फाडली तेव्हा आवाज झाला तोही आठवतो. ओळ एकच आठवते, पहिली:

साऱ्यांचे घर या तीरी, माझ्या मित्राचे त्या तीरी

याच्या पुढे काय होतं? नाव होती का? मी हाक मारत होतो का? रोज सकाळी वाटतं, भाकरी थापण्याचा ठेका लागला की येईल. पांझरेला पाणी नाही, नाहीतर तिच्याकडे पाहून आली असती. काल एक दुसरी ओळ जुळवून लिहिली, पण ती शहात्तर वर्षांच्या मास्तराची होती, लगेच कळलं. तुला खोटी पाठवणार नाही. डिसेंबरात एकदा चुकीचं पाठवलं ते पुरे झालं.

तू वर्गात माझ्या शेजारी बसला होतास. पुरती नसेल, पण थोडी ऐकली असशील. तुला काही आठवतं का?

नवलला मी सांगितलं आहे, फेब्रुवारीत गाडी घेऊन ये आणि मला जळगावला ने. तो डॉक्टरना विचारतो म्हणाला. तीन पायऱ्या आहेत रे, फक्त तीन.

प्रेम्या

*

मेहरूण
४ फेब्रुवारी २०२६

ती. नाना,

तुमचं पत्र आबांना वाचून दाखवलं. पहिली ओळ त्यांनी तीनदा म्हणायला सांगितली. तिसऱ्यांदा ते माझ्याबरोबर म्हणाले, मध्ये दम घेऊन.

पुढची त्यांनाही आठवत नाही. पप्पा शेजारी होते, त्यांनी हळूच विचारलं, आबा, नदीचं काही होतं का. आबा म्हणाले, "मला नको विचारू. प्रेम्याला विचार. त्याला सगळ्या कविता येतात."

आता पाय सुजलेत आणि ते फार बोलत नाहीत. पण सकाळी पोस्टमनची वेळ झाली की दाराकडे पाहतात. आजही पाहिलं.

नाना, एक ओळ आठवली तरी पाठवा. लवकर पाठवा.

भाविका